थेंब सुकेपर्यंत

सद्या,

तुझ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तुझी स्मरणिका काढायचं ठरवलं आहे आणि तिच्यात चार पानं माझी हवी आहेत. काय लिहायचं तेही त्यांनीच फोनवर सुचवलं. पुण्यातल्या प्रयोगशाळेतले आपले दिवस, तुझी हुशारी, मग मातीच्या ओढीनं तुझं मालवणला परत येणं आणि भरबाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून साधेपणानं राहणं. 'मातीच्या ओढीनं' हे शब्द ऐकले आणि मी म्हटलं, जरा नंतर बोलू.

तू मातीच्या ओढीनं आला नव्हतास. तू का आलास ते मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात दुपारी जेवायला जायचं म्हणून तू दुकानाचं शटर ओढायला वाकलास आणि परत उठला नाहीस. त्यानंतर चौथ्या दिवशी मला कळलं की ते तुलाही ठाऊक होतं. आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस. रडणं वगैरे होईल मागाहून, सद्या. आधी मला तुझा वैताग आला आहे.

तसा तो नवा नाही. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो येत असे. प्रयोगशाळेत सगळे आपापल्या रेणूंना अक्षरं आणि आकडे देत. तू माशांची नावं देत होतास. बाटल्यांवर तुझ्या चिठ्ठ्या: 'बांगडो ३', 'सरंगो', 'सुळो, परत धुवचो'. सर चिडायचे. "ही लॅब आहे की मच्छीमार्केट?" तू गंभीर तोंड करून सांगायचास, "सर, आकडा मी विसरतो. मासा नाही विसरत." त्यांची पाठ वळली की मला दम, "मेल्या, तू तरी हसू नको." आख्ख्या इमारतीत मालवणी बोलणारे आपण दोघंच. मी धामापूरचा, तळ्याकाठचा, भात आणि काजू बघत वाढलेला. तू समुद्राचा. गोड्या पाण्यातल्या माणसाला चव नसते, असं तू माझ्या सासऱ्यांसमोर सांगितलं होतंस.

आणि हे 'मेल्या'. दिवसातून वीस वेळा आपण एकमेकांना म्हणायचो. आता तोंडाशी येतं आणि तिथेच अडतं. एवढा साधा शब्दसुद्धा तू माझ्यासाठी शिल्लक ठेवला नाहीस.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. हल्लीच्या चांगल्या फोनच्या पडद्यामागे दिवा नसतो. पडद्याचा एकेक ठिपका स्वतःच उजेड देतो. तो देणारा थर असतो सेंद्रिय रेणूंचा, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतका पातळ. वीज मिळाली की रेणू ती ऊर्जा घेतो आणि उजेड करून परत देतो. एकटा असेल तर बहुतेक वेळा चोख देतो. भानगड सुरू होते ती शेजारी आला की. आपले बरेच रेणू चपटे. थरात ते एकावर एक बसतात, गरम घावणे एकावर एक टाकल्यासारखे, आणि चिकटतात. मग एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि शेवटी उजेड होण्याऐवजी नुसती ऊब होऊन जाते. बाटलीतल्या द्रावणात झगझगणारा पदार्थ काचेवर थर दिला की मलूल. यावर सगळं जग जो उपाय करत होतं तोच मी करत होतो: उजेड देणारे रेणू मोजके घ्यायचे आणि दुसऱ्या, न चमकणाऱ्या रेणूंच्या गर्दीत लांब लांब पेरायचे. कुणी कुणाला शिवता कामा नये.

तुला ते पटत नव्हतं. तुझं खूळ वेगळं होतं. तुला चपटे रेणू नकोच होते. तुला हवे होते पंख्यासारखे, ज्यांची पाती एका प्रतलात बसत नाहीत असे. असला रेणू द्रावणात मोकळा असला की पाती गरगरा फिरतात आणि सगळी ऊर्जा त्या फिरण्यातच जाते. उजेड नाही. पण दाटीत बसवला की पाती अडकतात, फिरायला जागा नाही, चपटा नसल्यामुळे शेजाऱ्याला पूर्ण चिकटणंही नाही, आणि ऊर्जेला उजेडाशिवाय वाट राहत नाही.

"पाण्यात बांगडो धडपडता," तू टपरीवर चहा घेताना सांगायचास, "पाटयेत गच्च भरलो की शेपटी हलवक गावत नाय. आणि चकाकता खंय? पाटयेतच मा?"

"पाटयेतलो मेलेलो असता, सद्या."

"तू मुद्दो सोडून बोल नको. गर्दीक नावां ठेवतंस. गर्दी कशी बसलेली आसा ता बघ आधी."

हा वाद आपण दोन वर्षं घातला. मला वाटायचं तू गोष्टी सांगतोस. तुला वाटायचं मी वर्गात पहिला आलेला मुलगा आहे आणि तसाच राहणार. दोघांचंही थोडं खरं होतं.

आता ते लिहितो.

प्रकल्पाची तपासणी दोन दिवसांवर होती. तू 'पेडवो' घेऊन आलास, छोट्या माशाचं नाव दिलेला तुझा पंख्यासारखा रेणू. एवढीशी बाटली, तळाला पिवळसर पावडर. तुझे डोळे लाल होते, आठवडाभर तू ती धूत होतास. तू जांभळ्या टॉर्चखाली धरलीस आणि ती पेटली. खरंच पेटली. मी म्हणालो, "पावडर चमकता तेका अर्थ नाय. अशुद्धी चमकत आसात." हा आक्षेप शास्त्राला धरून होता. तू म्हणालास, "तेच्यासाठी तर तुझ्याकडे इलंय. फिल्म कर आणि सांग."

फिल्म करायची तर निर्वात पेटी लागते आणि पेटीत माझा थर चढत होता. ती मधेच उघडली असती तर माझा नमुना गेला असता, तपासणीच्या तोंडावर. मी म्हटलं, पेटी मोकळी नाही. तू चिडला नाहीस. म्हणालास, "नाय तर थेंब टाक काचेर. सुकांदे. मगे बघ." आणि तू झोपायला गेलास, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता.

मी द्रावण केलं, टॉर्च मारला. काळोख. म्हणजे तू सांगत होतास तसंच. काचेवर थेंब टाकला. टॉर्च मारला. काळोख. थेंब ओला होता, सद्या. तो मला दिसत होता, काचेवर फुगून बसलेला. सुकायला तीन मिनिटं लागली असती, फार तर पाच. मी कागदाच्या बोळ्यानं पुसून टाकला. तक्त्यात दोन रकाने होते आणि रिकामा रकाना सरांना चालत नसे. 'द्रावण : प्रकाश नाही' लिहिलं. त्याखाली 'फिल्म : प्रकाश नाही' लिहिलं. खाली सही केली.

घाई होती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. घाई नव्हती. त्यानंतर मी चहाला गेलो आणि अर्धा तास बसलो. खरं कारण असं की थेंब सुकून पेटला असता तर दोन दिवसांनी तपासणीत माझ्या थराकडे कुणी बघितलं नसतं. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा केलं. कागदावर आज पहिल्यांदा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. माझा थर पुढे गेला, मी कायम झालो. तुझा करार पुढे वाढला नाही. तू सरांशी भांडला नाहीस, माझ्याशीही नाही. तू म्हणालास, "म्हणजे अशुद्धीच चमकत होती. माझोच हात कच्चो." बॅग भरताना ती बाटली तू मोज्यात गुंडाळून घेतलीस. मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो. बस सुटेपर्यंत थांबलो. तिथे मला थांबता आलं.

तू दुकान टाकलंस ते ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. पडद्यांचे रेणू बनवणारा माणूस पडदे बदलायला बसला. पण दुकान चाललं. मालवणात फोनला मरण सोपं. किल्ल्याच्या होडीतून पाहुणे वाकतात, फोन खाऱ्या पाण्यात. आणि तू नुसता पडदा बदलत नव्हतास, ऐकून घ्यायला तयार असेल त्याला आणि नसेल त्यालाही समजावत होतास. पार्वतीकाकी, समोर मासे विकणाऱ्या, त्यांच्या फोनवर कॅलेंडरची सावली कायमची उमटली होती, कारण त्यांनी तेच पान दिवसभर उघडं ठेवलं होतं, तिथी बघायला. तू त्यांना सांगत होतास की निळा उजेड देणारे रेणू सगळ्यात आधी थकतात. काकी म्हणाल्या, "निळे थकले तर बदल. माका चतुर्थी कधी ता दिसूक होया." मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. किती हसलो होतो आपण.

मी दर मे महिन्यात आणि दर चतुर्थीला येत राहिलो. येताना पिशवी भरून फुटके फोन आणायचो. विभागातल्या सगळ्यांचे, त्यांच्या बायकांचे, शेजाऱ्यांचे. लोकांना वाटायला लागलं होतं की मी हा जोडधंदा करतो. खरं सांगणं सोडून बाकी सगळं करायला मी तयार होतो. तुला तंत्रज्ञाची नोकरी देऊ केली, "माका हय बरा आसा" म्हणालास. जुना सूक्ष्मदर्शक पाठवला, तू तो शाळेला देऊन टाकलास. फोन मात्र घ्यायचास. पिशवी काउंटरवर उपडी करून, एकेक उलटसुलट बघून विचारायचास, "प्रोफेसर, तुमच्या डिपार्टमेंटात फोन हातात धरतत की पायात?"

एकदाच तू विचारलंस. दुकानाचं पहिलंच वर्ष. धक्क्यावर बसलो होतो, होड्या लागत होत्या, तू पायातला काटा काढत होतास. मान वर न करता म्हणालास, "त्या पेडव्याच्या थेंबाक तू किती येळ सुकूक दिलेलंस?"

मी म्हणालो, "पुरेसा वेळ दिला होता."

असं म्हणालो. प्रमाण मराठीत. तुझ्याशी मी त्या भाषेत कधी बोललो होतो? कचेरीत अर्ज द्यावा तसं वाक्य माझ्या तोंडातून आलं. तू माझ्याकडे बघितलंस, "बरा" म्हणालास आणि काटा समुद्रात टाकलास. मी सुटलो असं मला वाटलं. त्या 'बरा'चा अर्थ मला आता लागतो आहे. तू दार उघडून धरलं होतंस आणि मी ते बाहेरून लावून घेतलं.

तर चौथा दिवस. वहिनींनी मला दुकान उघडायला नेलं. लोकांचे फोन पडून होते, कुणाचा कुठला ते बघून परत द्यायचे होते. माझ्यासारख्या जुन्या मित्राला सांगण्यासारखं काम. पार्वतीकाकी पाटी बाहेर ठेवून आत आल्या. आपला फोन घेतला, पदरानं पुसला आणि उभ्याच राहिल्या.

"तो काचेवरचो खेळ आता कोण दाखवतलो?"

"कसलो खेळ, काकी?"

"तुमका म्हायत नाय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच परका. "आख्ख्या बाजाराक म्हायत आसा. तो पेडवो. काचेर थेंब टाकी आणि जांभळी बॅटरी मारी. काय नाय, काळोख. मगे म्हणी, सुकांदे. आमी आपले उभे. आणि वायच येळान असो उजेड येय, आकाशाच्या रंगाचो. मी म्हटलंय, सद्या, ह्या देवाचा काय ता. तर म्हणता कसो, देवाचा नाय काकी, माझा."

वहिनींनी काउंटरखालचा ड्रॉवर ओढला. कुणाच्या तरी फोनची काढलेली मागची काच, तिच्यावर वाळलेल्या थेंबांचे वीस-पंचवीस गोल डाग. शेजारी ती बाटली. चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षर तुझं, पुण्याचं. आणि टॉर्च, काच चिकटवायचा गोंद ज्याच्या उजेडात पक्का होतो तो. दुकानात पहिल्या दिवसापासून होता. मी तो शंभरदा बघितला होता. तो बघून मला काही सुचू नये, इतका मी शहाणा.

"तुमी येवच्या आदल्या दिवशी तो ह्या सगळा आत घालायचो," वहिनी म्हणाल्या. "माका वाटायचा, भावजींका काय तरी सरप्राइज देवचा आसा."

सद्या, हे काय आहे? मला याचा अर्थ सांग. मासेवाल्या काकींना माहीत, होडीवाल्यांना माहीत, फोन बुडवून आलेल्या कुठल्या कुठल्या पाहुण्यांना तू दाखवलंस, शाळेतल्या मुलांना दाखवलंस, आणि मी आलो की ड्रॉवर बंद. धक्क्यावर मला विचारलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. म्हणजे मी पिशव्या भरभरून फोन का आणतो तेही माहीत होतं. आणि तू काच बदलत बसलास, विनोद करत बसलास. मला लाज वाटू नये म्हणून? कुणी सांगितलं होतं तुला माझी लाज सांभाळायला? तू ओरडला असतास, चार माणसांत काढलं असतंस, सरांना पत्र लिहिलं असतंस, तर मी खोटा ठरलो असतो आणि सुटलो असतो. वीस डाग त्या काचेवर. वीस वेळा तू स्वतःचं म्हणणं खरं असल्याचं बघितलंस आणि घरी जाऊन बायकोला सांगितलंस, माझोच हात कच्चो. मुलीलाही तेच. तिनं विज्ञान घ्यायचं का विचारलं तेव्हा तू म्हणालास, आमच्या घराण्यात प्रयोगाचो हात नाय. हे मला वहिनींनी त्याच दिवशी सांगितलं, सहज, फोन निवडता निवडता.

यात चांगुलपणा आहे हे मला कळतं. पण त्याचं ओझं कुणी वाहायचं याचा विचार तू केला नाहीस. कधीच करत नव्हतास. रसायनांच्या बाटल्यांची झाकणंसुद्धा मीच लावायचो.

मी बाटलीतली चिमूटभर पावडर पुण्याला नेली. तू हसशील, पण अशुद्धीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पंधरा वर्षांनी दुकानाच्या ड्रॉवरातल्या थेंबावर शास्त्र उभं राहत नाही, हे तूही मानलं असतंस. मी ती निर्वातात तापवून, वाफ करून, पुन्हा बसवून शुद्ध केली, दोनदा. पेटीत दुसऱ्या कुणाचा नमुना होता. मी रांगेत थांबलो, माझी पाळी येईपर्यंत. थर चढवला आणि मोजला.

अशुद्धी नव्हती. तुझा हात कच्चा नव्हता. तुझ्यानंतर जगात असले रेणू पुष्कळांनी केले, तुझा पेडवो आता कुणाला थक्क करणार नाही. हीसुद्धा तुझी एक चीड आणणारी गोष्ट: बरोबर असण्याची जी वेळ होती, त्या वेळी तू झोपायला गेलास. पण तेव्हा तो पेटला असता. तक्त्यात 'आहे' आलं असतं. तू राहिला असतास, आपण अजून भांडत असतो आणि बहुतेक वेळा मी हरलो असतो.

सरांना पत्र लिहिलं आहे, काय केलं ते सगळं, का ते सोडून. ते निवृत्त आहेत, उत्तर यायचं आहे. मग मी परत मालवणला आलो.

वहिनी पडवीत कोकमं पसरत होत्या. मी बसलो आणि सांगायला लागलो. सुरुवात चपट्या रेणूंपासून केली, म्हणजे बघ. त्या म्हणाल्या, "भावजी, ता सगळा माका तो सांगायचो. तुमी काय सांगूक इलात ता सांगा."

सांगितलं. पेटी, थेंब, बोळा, रकाना, चहा. त्यांचे हात थांबले नाहीत. कोकमं पसरून झाली. शेवटचं साल त्यांनी सरळ केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पंधरा वर्सां तुमका मासे वाढतंय मी," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्या आत गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत, उठावं. तर दुकानाची किल्ली घेऊन आल्या. "चला."

बाजारातून त्या पुढे आणि मी मागे. शटर मी वर केलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, ती काच काउंटरवर ठेवली, बाटली ठेवली, टॉर्च ठेवला. त्याच्या शेजारी थिनरची बाटली, तिचं झाकण सैल, तुझ्या पद्धतीप्रमाणे.

"करून दाखवा," म्हणाल्या. "माझ्यासमोर."

मी काडीच्या टोकावर पावडर घेतली, थिनरात विरघळवली, काचेच्या कोऱ्या कोपऱ्यावर थेंब टाकला. शटर खाली ओढून घेतलं. टॉर्च लावला. जुने डाग सगळे उजळले आणि त्यांच्यामधे माझा थेंब, काळा, ओला. शटरखालून पार्वतीकाकींचा आवाज आला, "काय गो, पेडवो काय?" आणि त्या वाकून आत आल्याच.

माझ्यानं राहवेना. मी बोलायला लागलो, की दमट हवेत थिनर उडायला वेळ लागतो, की पाती अजून मोकळी आहेत, की खरं म्हणजे अशा थेंबावरून कुठलाही निष्कर्ष...

"सुकांदे," वहिनी म्हणाल्या. तुझ्याच आवाजात.

आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत उभे होतो. तीन मिनिटं किती मोठी असतात, सद्या, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा कड उजळली. केसाएवढी रेघ, गोल. मग ती आत आत सरकायला लागली.

"इलो," काकी म्हणाल्या.

पुरा भरेपर्यंत कुणी हललं नाही. मग वहिनींनी तुझं पेन माझ्यापुढे सरकवलं आणि दुकानात चिठ्ठ्या लावायचा कागद. "आता दिसता ता लिवा. आणि तुमच्या त्या पुस्तकात पण ह्याच लिवा, चेडवाक वाचूक दितलंय."

मी लिहिलं. तुझी मुलगी वाचणार आहे, म्हणून स्मरणिकेतही तेच देतो आहे, दुसरं काही माझ्याकडे नाही.

पेडवो. करणारा : सदानंद. फिल्म, पूर्ण सुकलेली. प्रकाश आहे. पाहिला.

खाली सही केली आहे.